मुक्कामाला या, अंबाजोगाई दाखवते

अंबाजोगाईला येणारा पाहुणा सहसा दोन-अडीच तासांत परत फिरतो. योगेश्वरीचं दर्शन, ओटी, देवळाबाहेर एक चहा, आणि पुढं परळीचा रस्ता. ज्योतिर्लिंग गाठायचं असतं, संध्याकाळची गाडी पकडायची असते. मला हे लहानपणापासून बोचत आलंय. मराठीचा आद्यकवी ज्या दरीत विसावलाय, जिथं एका माणसानं चाळीस फूट कापडावर वेदान्त लिहून काढला, जिथल्या एका शाळेनं निजामाच्या राज्यात मराठी पोरांना ताठ उभं राहायला शिकवलं, ते गाव गाडीच्या काचेतून कसं कळावं?

म्हणून आमच्या प्रवासातल्या मंडळींनी "तुझं गाव दाखव" म्हटलं, तेव्हा मी दोन अटी घातल्या. मुक्कामाला यायचं, आणि येळवस, म्हणजे शेतात जेवायचा मार्गशीर्ष अमावस्येचा आमचा सण, धरून यायचं.

ही मंडळी म्हणजे रत्नागिरीचे काका-काकू आणि भंडाऱ्याचे सर. केदारनाथला जाताना उखीमठच्या अलीकडं दरड कोसळून रस्ता बंद पडला होता, तेव्हा एकाच धर्मशाळेत अडकलो, एकाच पातेल्यातली खिचडी खाल्ली, आणि ओळखीचं घरोब्यात रूपांतर झालं. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. काकूंची कुलदेवता योगेश्वरी, पण साठी उलटली तरी त्यांचं इथं येणं झालं नव्हतं. तुमच्या देवीच्या गावात मी राहते, हे त्यांना धर्मशाळेत सांगितलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले होते.

शनिवार

आमच्या गावाला रेल्वे नाही. जवळची स्टेशनं म्हणजे परळी नाहीतर घाटनांदूर. सर परळीला उतरून वडापच्या जीपनं आले, काका-काकू कोल्हापूर-सोलापूर-बार्शी असं एसटी बदलत बदलत. सगळे घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. डिसेंबरच्या अखेरीची थंडी. बालाघाटाच्या पठारावर आमचं गाव उंचावर वसलेलं, त्यामुळं सूर्य कलला की गारवा एकदम अंगावर येतो. काकूंनी रत्नागिरीहून निघताना शाल बॅगेच्या तळाशी टाकली होती, ती पहिल्या पाच मिनिटांत बाहेर आली.

आईनं चुलीवर भाकरी टाकायला घेतल्या होत्या. गॅस आहे घरात, पण पाहुणे आले की ती मागच्या अंगणात चूल पेटवते. काकू पाट ओढून तिच्याजवळ जाऊन बसल्या. काटवटीत पीठ मळणं, गोळा हातावर फिरवत थापणं, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवणं, मग निखाऱ्याला उभी लावून फुगवणं, हे त्या एकटक बघत होत्या. "आमच्याकडे तांदळाची भाकरी, ती उकड काढून. ही नुसत्या पाण्यावर कशी धरते हो?" आई म्हणाली, "ज्वारी मालदांडी पाहिजे, पीठ ताजं पाहिजे. मग धरती आपोआप."

जेवायला येसराची आमटी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर करडईचं तेल. येसर आमच्या मराठवाड्याचा जीव आहे. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि सगळा मसाला खरपूस भाजून, दळून ठेवलेलं पीठ. लग्नघरातली पंगत याच आमटीवर उठते. सर दुसऱ्यांदा वाटी पुढं करत म्हणाले, "हे आमच्याकडं नाही बाप्पा!" तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. काकांना तिखट सोसेना, त्यांना आईनं भाकरी दुधात कुस्करून दिली आणि वर गुळाचा खडा ठेवला.

रविवार

मी सगळ्यांना अंधारातच उठवलं. गाव बघायचं तर सुरुवात आद्यकवी मुकुंदराजांपासून, आणि तिथं जायचं तर पहाटेच.

गावापासून चार-पाच किलोमीटरवर पठार एकाएकी तुटतं. आतापर्यंत सपाट शेतं दिसत असतात आणि अचानक पायाखाली दरी उघडते. काळ्या कातळाचे कडे, खाली झाडी. पायऱ्या उतरत गेलं की कड्याच्या पोटात मुकुंदराजांची समाधी. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं आणि गर्दी होते. डिसेंबरात कातळ नुसता ओलसर असतो आणि माणूसकाणूस नसतं. मला ही जागा अशीच आवडते.

त्यांचा 'विवेकसिंधू' शके १११० चा, म्हणजे इ.स. ११८८ चा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. मधे एकशे दोन वर्षं. वेदान्त संस्कृतातच सांगायचा असा दंडक असताना, ज्याला संस्कृत येत नाही त्यालाही ब्रह्मज्ञान कळलं पाहिजे असं वाटून एका माणसानं मराठीत ओव्या रचल्या. मी दहावीत असताना आजोबांनी मला इथं आणून हे सांगितलं होतं, आणि तेव्हापासून या पायऱ्या उतरताना मला दरवेळी भरून येतं. राजा जैत्रपाळाची गोष्टही त्यांनीच सांगितली. राजाचा हट्ट असा की घोड्यावर चढेपर्यंतच्या वेळात मला ब्रह्म दाखवा. जे साधू दाखवू शकले नाहीत त्यांना त्यानं कामाला जुंपलं. मुकुंदराज आले, त्यांनी राजाला अनुभव दिला आणि साधूंची सुटका केली. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण ज्ञानासाठी अडलेल्या माणसांना सोडवायला आलेला कवी, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

सर इतका वेळ गप्प होते. समाधीला डोकं टेकवून उठले आणि मग हळूच म्हणाले, "ताई, रागावू नका. पण मुकुंदराज आमचे आहेत. आंभोऱ्याचे."

हे येणार हे मला ठाऊक होतं. वैनगंगेच्या काठी आंभोरा आहे, नागपूर-भंडाऱ्याच्या सीमेवर. मुकुंदराजांनी ग्रंथ तिथंच रचला असं तिकडं मानतात. आणि सरांची बाजू लंगडी नाही. ग्रंथात अंबानगरी आहे तशी वैनगंगाही आहे, आणि वैनगंगा काही आमच्या दारावरून वाहत नाही. आमच्याकडचे अभ्यासक त्या उल्लेखाचा अर्थ वेगळा लावतात, तिकडचे शब्दाला शब्द धरून बसतात. ग्रंथाच्या काळाबद्दलही मतभेद आहेतच. आम्ही दोघांनी त्या गारठ्यात, दगडी पायरीवर बसून तासभर वाद घातला. सरांना पुष्कळ पाठ होतं, मला थोडं. काका मधेच म्हणाले, "अहो, चहा मिळेल का कुठे?" पण काकू ऐकत होत्या मन लावून. त्या म्हणाल्या, "दोन्हीकडे दिवा लागतो ना? आणि दोन्हीकडची माणसं त्याच्यासाठी भांडतात. आठशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकासाठी!"

माझं मन अंबाजोगाईच्याच बाजूला आहे, आणि राहील. तरी सरांनी समाधीपुढं टेकवलेलं डोकं मी पाहिलं होतं. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्या दिवशी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, मी एकटीच इथं येऊन गेले होते. सर म्हणाले, "मी आंभोऱ्याला गेलो होतो." पुढं आम्ही दोघंही काही बोललो नाही. वर चढून आलो.

वाटेत टपरीवर चहा झाला, घरी येऊन आंघोळी, आणि आईनं केलेला सुशीला. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्यावर परतायचे, वर डाळव्याचं कूट. काकांनी दोन बशा संपवल्या. सकाळी न मिळालेल्या नाश्त्याचा हिशेब पुरा झाला.

मग देऊळ. काकूंनी हिरवी पैठणी नेसली होती, खण-नारळ-तांदूळ रत्नागिरीहून बरोबर आणलेले. गल्ल्यांमधून पायी गेलो. दुतर्फा ओटीची, हळदी-कुंकवाची, हिरव्या बांगड्यांची दुकानं. मार्गशीर्ष पौर्णिमेची देवीची यात्रा नुकतीच सरली होती, मांडवाचे बांबू अजून रस्त्याच्या कडेला पडलेले.

कोकणातल्या लोकांची देवी इतक्या लांब, घाटाच्याही पल्याड कशी, हा प्रश्न काकूंनी रांगेत उभ्या उभ्या विचारला. आमच्याकडं सांगतात ते मी सांगितलं. परशुरामानं कोकण वसवलं, तिथल्या मुलांसाठी मुली पाहायला तो अंबाजोगाईला आला. इथल्या लोकांनी मुली दिल्या, पण अट घातली की आमच्या योगेश्वरीला तुम्ही कुलदेवता मानायचं. काकू ऐकून थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या मूळच्या आया इथल्या. मी माहेरी आले गो."

आत तांदळा, म्हणजे पाषाणरूपातली देवी. शेंदरी मुखवटा, नथ, मळवट. काकूंनी ओटी भरली आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या, मागून ढकलाढकली सुरू झाली तरी हलल्या नाहीत. लग्नात बोडण भरलं तेव्हापासून जिला हाक मारत आले तिचं तोंड आज पाहिलं, असं त्या बाहेर येऊन म्हणाल्या. काका रुमालानं चष्मा पुसत होते.

देवीची दुसरी गोष्ट मात्र दुःखाची आहे. तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. मुहूर्त टळला, वऱ्हाड जिथल्या तिथं दगड झालं आणि देवी कुमारिका राहिली. ते दगडाचं वऱ्हाड बघायचं असेल तर हत्तीखान्यात जायचं. देवळातून निघून आम्ही तिकडंच गेलो.

जयंती नदीच्या काठी एक अख्खा खडक कोरून काढलाय. शिवलेणी असं त्याचं नाव, गावात सगळे हत्तीखानाच म्हणतात, कारण अंगणात दगडाचे हत्ती उभे आहेत. मधोमध नंदीमंडप, मागं खांबांची मोठी ओसरी, आत गाभारा. माळव्याच्या परमार राजा उदयादित्याच्या काळातलं, म्हणजे अकराव्या शतकातलं हे काम मानतात. हत्तींची सोंडं झिजलीत, काहींची तुटलीत. सर एका हत्तीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "एवढं असून इथं कुणीच कसं नाही?" रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, देवळात रांग होती, आणि इथं आम्ही चौघं आणि क्रिकेट खेळणारी पोरं. त्या पोरांपैकी एकानं बॅट खाली ठेवून आम्हाला आख्खं लेणं फिरवलं. "ही नवरी, ही करवली, हा वाजंत्रीवाला," असं एकेका खांबावरच्या आकृतीला बोट लावत गेला. अभ्यासक त्या मूर्तींना काहीही म्हणोत, गावाच्या पोरांना ते वऱ्हाडच आहे, आणि त्यांच्यामुळंच ही जागा अजून जिवंत आहे. नदीचं मात्र बघवत नाही. गावाचं सांडपाणी तिच्यात येतं. लेण्याच्या ओसरीत उभं राहिलं की वास येतो. पाहुण्यांसमोर मला त्याची लाज वाटली आणि मी ती लपवली नाही.

दुपार दासोपंतांची. जुन्या गावात थोरलं देवघर आणि धाकटं देवघर अशा त्यांच्या वास्तू आहेत. दासोपंतांचा जन्म १५५१ चा, नारायणपेठचा. वडील बीदरच्या दरबारात देशपांडे. दुष्काळात सरकारी कोठारातलं धान्य त्यांनी लोकांना वाटलं, त्याची भरपाई होईना, म्हणून सुलतानानं लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवलं, अशी कथा आहे. पुढं ते फिरत फिरत अंबाजोगाईला आले आणि इथलेच झाले. १६१५ ला इथंच त्यांनी देह ठेवला. एकनाथांच्या पंचकातले, म्हणजे एकनाथ आणि त्यांच्या काळातल्या पाच संतकवींमधले, ते एक.

या माणसानं किती लिहावं! एकट्या गीतार्णवात सव्वा लाख ओव्या. रोज ढब्बू पैशाची शाई लागायची असं गावात सांगतात. आणि कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी पासोडीवर लिहिलं. पासोडी म्हणजे पांघरायचं जाडंभरडं दुपदरी कापड. जवळजवळ चाळीस फूट लांब, चार फूट रुंद. त्यावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून देह आणि सृष्टी कशी घडली ते, चौकटी आखून, ओव्या रचून. मी ती लहानपणी उलगडलेली पाहिली आहे. आपण पांघरतो त्या कापडावर ब्रह्मांड लिहिलंय हे तेव्हा कळलं नव्हतं, फक्त अक्षरं किती सुबक आहेत हे कळलं होतं. त्या रविवारी ती पाहण्याचा योग नव्हता. देवघरात हात जोडले, दत्ताचं दर्शन घेतलं. सर ओसरीवर भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "पोरांना मी पासोडीवरचा धडा शिकवलाय. ती जिथं लिहिली तिथं बसेन असं वाटलं नव्हतं."

खोलेश्वराचं देऊळ मी त्यांना मुद्दाम दाखवलं, त्यातही सरांसाठी. खोलेश्वर यादवराजा सिंघणाचा सेनापती. अमरावती जिल्ह्यातलं खोलापूर त्याच्याच नावाचं. म्हणजे विदर्भ आणि अंबाजोगाई यांचं नातं मुकुंदराजांच्या वादापुरतं नाही. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या लढाईत पडला. रामाचा मुलगा लहान होता, त्याच्या वतीनं कारभार पाहिला रामाच्या बहिणीनं, लक्ष्मीनं. आणि तिनं भावाच्या आठवणीसाठी अंबाजोगाईत रामनारायणाचं देऊळ बांधलं. शके ११६२, म्हणजे १२४० चा शिलालेख हे सांगतो. बायकांची नावं दगडावर क्वचित येतात, आणि आली तरी अमक्याची पत्नी म्हणून. इथं ती बहीण म्हणून आली आहे, राज्य सांभाळणारी म्हणून आली आहे. काकूंचा धाकटा भाऊ तीन-चार वर्षांपूर्वी गेला. त्यांनी ही गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली.

उन्हं उतरताना योगेश्वरी विद्यालयाच्या फाटकापाशी गेलो. सुट्टी होती, आत जाता आलं नाही. पण मला फाटकापाशीच बोलायचं होतं. निजामाच्या राज्यात हे गाव मोमिनाबाद होतं, घोडदळाची छावणी होती. राज्यकारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. मराठी माणसाला आपल्या भाषेत शिकायचं तर आपली शाळा आपणच चालवावी लागे. अशा शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक हिप्परग्याहून आले. हेच स्वामी रामानंद तीर्थ. मुलांना इतिहास शिकवता शिकवता त्यांनी गुलामी म्हणजे काय ते शिकवलं, आणि १९३८ ला शाळा सोडून हैदराबादच्या लढ्याचं नेतृत्व करायला निघून गेले. बाबासाहेब परांजपे इथलेच, तेही त्या लढ्यात. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आम्ही १७ सप्टेंबर १९४८ ला. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांनी, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, काय काय केलं ते माझ्या आजोबांनी पाहिलं होतं. ते याच शाळेचे विद्यार्थी.

काका म्हणाले, "आम्हाला शाळेत हे एका ओळीत होतं. कधी कधी तेही नव्हतं." मला हे ऐकून त्रास होतो, दरवेळी होतो. उरलेल्या महाराष्ट्राला आमचा लढा ठाऊक नाही. निदान एक गोष्ट बरी, स्वामीजींचं नाव इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला आहे. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं म्हणून ते ओळखलं जातं. बीड, लातूर, परभणी, धाराशिव सगळीकडचे गरीब पेशंट तिथं येतात, आणि त्यांच्या नातेवाइकांच्या चुली दवाखान्याच्या कुंपणापाशी पेटलेल्या दिसतात.

घरी आलो तर स्वयंपाकघरात युद्ध पेटलेलं. दुसऱ्या दिवशी येळवस. तुरीच्या, वाटाण्याच्या, पावट्याच्या शेंगांचे ढीग ओसरीवर ओतलेले, शेजारच्या बायका सोलायला बसलेल्या. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आईनं आंबील आधीच घातली होती, घरभर तिचा आंबूस वास. आमच्यात कुणी दमलोय म्हणालं नाही. चौघांनीही फतकल मारली आणि शेंगा ओढून घेतल्या. सरांनी सोलता सोलता ओव्या म्हणायला सुरुवात केली, शेजारच्या आजीनं जात्यावरच्या ओव्यांनी उत्तर दिलं. रात्री बारापर्यंत ते चाललं होतं. बाजरीचे उंडे वळणं झालं, भज्जीसाठी चिंचेचा कोळ झाला, खिरीसाठी गहू कांडून झाले.

सोमवार

मार्गशीर्ष अमावस्या. लातूर, धाराशिव आणि आमच्या अंबाजोगाईच्या पट्ट्यात हा दिवाळीइतकाच मोठा सण. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळं गाव शेतात. ज्याचं शेत नाही त्याला शेतवाला बोलावून नेतो. येळवशीला कुणी घरी जेवलं तर ते शेतकऱ्याला कमीपणाचं वाटतं.

दादाचं शेत आठ-दहा किलोमीटरवर. वाटेतल्या वस्तीवर कुलपं लागलेली दिसली तेव्हा काकूंनी विचारलं, ही माणसंही शेतात गेलीत का. ती माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात होती. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातली कितीतरी घरं बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये संसार भरून निघतात, नवरा-बायको जोडीनं कोयता धरतात, पोरं फडातच वाढतात. सण मागं राहतो. कोल्हापूरच्या वाटेवर उसाच्या गाड्या तुम्ही पाहिल्या त्या आमच्या माणसांनी भरलेल्या, एवढं मी सांगितलं. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

शेतात ज्वारी पोटरीला आलेली, हरभरा गुडघाभर, बांधाला करडईचे काटे. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून दादानं कोप केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. त्यांच्यापुढं वहिनीनं सगळ्या पदार्थांचा निवद मांडला. आंबिलीचं बिंदगं दादाच्या डोक्यावर आलं होतं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही म्हणून तो गाडीपासून कोपीपर्यंत तोंड मिटून चालला. पूजा झाली आणि मग सगळे कोपीभोवती फिरायला लागलो. दादा पुढं आंबील शिंपडत, मागं आम्ही, "ओलगे ओलगे सालम पलगे" ओरडत. सरांचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग जेवण. भज्जीबद्दल लिहायचं तर हात आखडता येत नाही. तूर, वाटाणा, पावटा, हरभरा, शेंगदाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात, सगळं ओलं, सगळं त्या त्या बांधावरचं, चिंचेच्या आंबटात आणि बेसनात शिजलेलं. तिच्याबरोबर उंडा कुस्करायचा. वरून आंबील, लसूण-जिऱ्याची, गार. गव्हाची खीर, तिळगुळाची पोळी. पत्रावळ्या मातीवर टेकलेल्या, वर लिंबाच्या झाडाची सावली. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी मोटारसायकलवाल्यांना दादा हात करून बोलावत होता, "या की जेवायला! येळवस हाय, असं कसं जाताव?" दोघं खरंच आले आणि पोटभर जेवून गेले. काकूंना याचं फार नवल वाटलं. मला ते नवल बघून आनंद झाला.

जेवणानंतर काकांनी दादाला सोयाबीनचं विचारलं. दादानं कोपीच्या सावलीत बसून सगळा हिशेब मांडला. त्या वर्षीचा, २०२४-२५ चा, हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, मोंढ्यात, म्हणजे बाजारात, चार हजारांच्या आसपास. खत, बी, फवारणी, काढणीची मजुरी वजा जाता हातात काय उरतं ते त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. पोती त्यानं विकली नव्हती, घरात रचून ठेवली होती. "पाणी हाय यंदा, तेवढंच बरं," तो म्हणाला. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच धरणाचं पाणी आम्ही पितो. त्या वर्षी दादानं कोप केली होती, पण आंबिलीला लागणारं ताकसुद्धा विकत आणलं होतं. जनावरं छावणीत होती.

संध्याकाळी पोरांनी हेंडगा पेटवला. कडब्याची जळती पेंढी घेऊन गव्हाच्या भोवती धावायचं. सर, वय विसरून, पोरांच्या मागं धावले. काकू ओरडत होत्या, "अहो सर, धोतर सांभाळा!"

निघायची वेळ झाली. काका-काकूंना लातूरची गाडी धरायची होती, सरांना परळीची. निघण्याआधी आईनं काकूंना पाटावर बसवलं आणि त्यांची ओटी भरली, शेतातल्या ज्वारीनं आणि हरभऱ्याच्या डहाळ्यांनी. माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. काकूंनी डहाळ्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला, तो लातूरपर्यंत खाली ठेवला नाही म्हणे.

सरांना परळीला मी सोडायला गेले. प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या त्यांनी पुढचं ठरवून टाकलं. पाऊस सरला की आम्ही सगळ्यांनी भंडाऱ्याला यायचं, आंभोऱ्याचे मुकुंदराज बघायचे, आणि वाद तिथं पुरा करायचा. मी हो म्हटलं. दादाला विचारलं तर तो म्हणाला, सोयाबीन काढून झाल्यावरची तारीख धरा, मग मीही येतो.